आजीचं तिकीट आणि पहिला प्रोग्रॅम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘सर, मला काही कॉम्प्युटरचं डोकं नाही.’ हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलंय, की त्याची पाटीच करून वर्गाच्या दारावर लावावी. आठवड्यातले तीन दिवस मी कराडहून एसटीनं पाटणच्या बाजूला जातो आणि तिथल्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे देतो. मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. कुणाच्या घरी शेती, कुणाच्या वडिलांची चहाची टपरी, कुणाचा भाऊ मुंबईला कामाला. पहिल्या दिवशी खोली भरलेली असते. पंधरा दिवसांनी मागचे बाक रिकामे दिसायला लागतात. आणि जाणारा प्रत्येक जण जाताना हेच वाक्य मागं ठेवून जातो.

बरीच वर्षं मला ते खरंही वाटायचं. इंग्रजी कच्चं, गणित कच्चं, घरी कॉम्प्युटर नाही, मग दुसरं काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घालत असे. ही समजूत एका मुलीनं एका दुपारी मोडून काढली, आणि तीही आपल्या आजीच्या तिकिटावरून. ती गोष्ट सांगणार आहे. पण त्याआधी प्रोग्रॅमिंग म्हणजे नेमकं काय, हे थोडं बोलायला हवं. कारण ते नीट न सांगताच आपण मुलांना ‘डोकं नाही’ ठरवून मोकळे होतो.

सांगकाम्याला सांगणं

कॉम्प्युटर वापरणं वेगळं आणि त्याला काम सांगणं वेगळं. एसटीत बसून प्रवास करणं आणि त्याच एसटीचं वेळापत्रक आखणं, यांत जेवढा फरक आहे, तेवढाच फरक या दोन गोष्टींत आहे. पत्र टाइप करणं, फोटो पाठवणं, वीजबिल भरणं हा झाला प्रवास. प्रोग्रॅमिंग म्हणजे वेळापत्रक आखणं. कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, गाडी उशिरा आली तर काय करायचं, हे सगळं आधी ठरवून लिहून ठेवायचं.

आणि लिहायचं कुणासाठी? तर एका पक्क्या सांगकाम्यासाठी. हा सांगकाम्या कधी दमत नाही, कंटाळत नाही, उलट उत्तर देत नाही. पण त्याला मनातलं ओळखता येत नाही. आपण घरात ‘जरा दार बघ’ म्हणतो, तेव्हा समोरचा माणूस उठतो, दार उघडतो, कोण आलंय ते पाहतो आणि आपल्याला सांगतो. सांगकाम्या जागच्या जागी बसून दाराकडं बघत राहील. चूक त्याची नाही. आपण तेवढंच सांगितलं होतं.

म्हणून पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटर सुरूच करत नाही. एका मुलाला ‘यंत्र’ करतो आणि टेबलावरचं डस्टर फळ्यापर्यंत नेण्याचं काम देतो. बाकीच्यांनी एकेक हुकूम द्यायचा आणि त्यानं शब्दशः पाळायचा. ‘पुढं जा’ म्हटलं की यंत्र चालायला लागतं आणि टेबलावर जाऊन आदळतं. कारण किती पावलं ते कुणी सांगितलेलंच नसतं. ‘डस्टर उचल’ म्हटलं तर हात खालीच. कारण हात पुढं करायला कुणी सांगितलं नाही. वर्ग खो खो हसतो. हसता हसता एक गोष्ट मात्र प्रत्येकाच्या ध्यानात येते. आपण बोलताना जेवढं सांगतो, त्याच्या दुप्पट गृहीत धरतो.

ही युक्ती माझी नव्हे. १९६७ साली अमेरिकेत वॉली फोइरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. पुढं तिच्यात एक कासव आलं. ‘पुढं जा’, ‘उजवीकडं वळ’ असे हुकूम दिले, की ते चालायचं आणि मागं रेघ काढायचं. पॅपर्ट यांचं म्हणणं असं, की मूल अडलं तर त्यानं स्वतःच कासव होऊन चालून पाहावं. आम्ही हे पटांगणात फक्की मारून करतो. चौकोन सगळ्यांना जमतो: दहा पावलं चाला, काटकोनात वळा, असं चार वेळा. मग मी त्रिकोण काढायला सांगतो. पोरं भूमितीच्या पुस्तकाला स्मरून साठ अंशांत वळतात आणि भलतीकडंच निघून जातात. त्रिकोणाचा आतला कोन साठ अंशांचा असतो, पण चालणाऱ्याला वळावं लागतं एकशेवीस अंशांत. हे फळ्यावर दहा वेळा सांगून कळत नाही. फक्कीच्या रेघेवर एकदा चुकलं की जन्मभर विसरत नाही.

अशा पायरीपायरीनं सांगितलेल्या कृतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द आला अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या या विद्वानानं आपल्या भारतीय अंकांनी हिशेब कसे करायचे यावर पुस्तक लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं, तेव्हा त्याच्या नावाचं ‘अल्गोरित्मी’ झालं. म्हणजे ज्या शब्दाला आपली मुलं बिचकतात, त्याच्या मुळाशी आपलेच शून्य ते नऊ आहेत.

डबा नव्हे, पाटी

पुढचा धडा ‘व्हेरिएबल’चा. म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना एखादी किंमत लक्षात ठेवण्याची जागा. बहुतेक पुस्तकांत याला डबा म्हटलेलं असतं. मीही बरीच वर्षं डबाच सांगत होतो. एका मुलाच्या उत्तरपत्रिकेनं मला शहाणं केलं. ‘ब’च्या डब्यात ‘अ’ची किंमत घातली, आता ‘अ’मध्ये किती उरलं, असा प्रश्न होता. त्यानं लिहिलं, शून्य. बरोबरच आहे त्याचं! या डब्यातले लाडू त्या डब्यात घातले, तर पहिला डबा रिकामा होणारच. चूक त्याच्या डोक्यात नव्हती, माझ्या डब्यात होती.

आता मी पाटी सांगतो. पाटीला नाव असतं आणि तिच्यावर एका वेळी एकच मजकूर मावतो. नवा लिहायचा तर जुना पुसला जातो. आणि एका पाटीवरचं बघून दुसऱ्या पाटीवर लिहिलं, तर पहिलीवरचं कुठं जात नाही.

मग येतं ते प्रसिद्ध वाक्य: धावा = धावा + ४. गणितात मन लावून शिकलेली मुलं इथं सगळ्यात जास्त अडतात. ‘सर, हे कसं शक्य आहे? दोन्ही बाजू समान कशा होतील?’ त्यांची शंका अगदी रास्त आहे. गणितात हे चिन्ह ‘समान आहे’ असं सांगतं. बऱ्याच प्रोग्रॅमिंगच्या भाषांत ते ‘आता हे लिही’ असा हुकूम देतं. अशा वेळी मी त्यांना गावच्या क्रिकेटच्या सामन्याला घेऊन जातो. धावफलकावर बसलेला पोरगा चौकार गेल्यावर काय करतो? फलकावरचा जुना आकडा बघतो, मनात चार मिळवतो, जुना पुसतो, नवा लिहितो. झालं. आधी उजवीकडचं काम, मग डावीकडच्या पाटीवर लिहिणं.

त्याच्याच पुढची पायरी म्हणजे दोन पाट्यांवरच्या आकड्यांची अदलाबदल. मुलं झटकन लिहितात, अ = ब, मग ब = अ. पण पहिल्याच हुकमात ‘अ’वरचा मूळ आकडा पुसला गेलेला असतो, मग दोन्हीकडं एकच आकडा येतो. स्वयंपाकघरातली कुठलीही बाई सांगेल, की एका पातेल्यातलं दूध आणि दुसऱ्यातलं ताक अदलाबदल करायचं तर तिसरं भांडं लागतं. इथं तिसरी पाटी लागते. मुलींना हे आधी सुचतं, असा माझा अनुभव आहे.

फळ्यावरचं तिकीट

आता आजीच्या तिकिटाकडं वळतो.

‘असं असेल तर हे करा, नाहीतर ते करा’ हा प्रोग्रॅमिंगचा कणा. तो शिकवायला मी एसटीचं तिकीट घेतो. कारण एसटी हा आमच्या मुलांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. तेव्हापासून ही गाडी आणि तिच्यातला कंडक्टर आपल्या घरातलाच आहे. आणि कंडक्टर म्हणजे चालताबोलता प्रोग्रॅमच. धक्के खाणाऱ्या गाडीत उभ्यानं तो प्रत्येक प्रवाशाकडं बघून दोन क्षणांत ठरवतो: पूर्ण, अर्धं की फुकट.

नियम सगळ्यांना माहीत आहेत. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बाराला अर्धं. पासष्टच्या पुढच्या ज्येष्ठांना अर्धं. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर पूर्ण केलेल्यांना मोफत प्रवासाची योजना आली. मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत आली. मी हे सगळं फळ्यावर प्रोग्रॅमच्या रूपात मांडलं. वय पाचपेक्षा कमी असेल तर शून्य. नाहीतर, वय बारापर्यंत असेल तर अर्धं. नाहीतर, प्रवासी महिला असेल तर अर्धं. नाहीतर, वय पंचाहत्तर किंवा जास्त असेल तर शून्य. नाहीतर, वय पासष्ट किंवा जास्त असेल तर अर्धं. नाहीतर पूर्ण.

मुलांनी वहीत उतरवून घेतलं. दोघातिघांनी कॉम्प्युटरवर चढवलं, चाललं. कुठंही चूक दाखवली नाही. मी खूश.

मागच्या बाकावर एक मुलगी होती. मल्हारपेठेच्या पुढून कुठून तरी यायची. दोन आठवड्यांत वर्गात तिनं तोंड उघडलं नव्हतं. आदल्याच दिवशी माझ्याकडं येऊन ‘सर, मला हे जमणार नाही, उद्यापासून मी येत नाही’ असं सांगून गेली होती. फी परत मिळेल का, हेही तिनं विचारलं होतं. मी ‘बघू’ म्हणालो होतो. त्या दिवशी ती बहुधा त्याचसाठी आली असावी. तिनं हात वर केला नाही, उभीही राहिली नाही. बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, ‘सर, माझी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला गाडीत तिकीट लागत नाही. तुमच्या फळ्यावर लागतंय.’

मी फळ्याकडं वळलो. वय पाचपेक्षा कमी? नाही. बारापर्यंत? नाही. महिला? हो. मग अर्धं तिकीट, आणि काम संपलं. पंचाहत्तरची अट खाली उभीच होती, पण आजी तिच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. ‘नाहीतर’ या शब्दाचा अर्थच असा, की वरचं एखादं दार उघडलं की खालची दारं आपल्यासाठी बंद.

‘मग काय करायला हवं?’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘कंडक्टर करतात तसं. ते म्हाताऱ्या माणसाला आधी वय विचारतात, कार्ड बघतात. बाई आहे की पुरुष, ते नंतर.’ मी खडू तिच्या हातात दिला. तिनं पंचाहत्तरची ओळ उचलून महिलांच्या ओळीच्या वर नेली. एवढाच बदल. पण हिशेब बरोबर झाला.

सगळा वर्ग गप्प होता. मीही. मीच शिकवलेला, मीच तपासलेला, यंत्रानं बिनतक्रार चालवलेला प्रोग्रॅम चुकीचा होता. तो पकडला ‘डोकं नाही’ म्हणणाऱ्या मुलीनं. तिचं इंग्रजी कच्चं होतं, गणितात तिला जेमतेम गुण होते. पण ती आजीबरोबर एसटीनं दवाखान्यात जात होती, आणि जे रोज पाहते त्याच्याशी फळ्यावरचं ताडून बघायची तिला सवय होती. प्रोग्रॅमरला लागतं ते डोकं म्हणतात ते हेच.

आधी उत्तर, मग प्रोग्रॅम

त्या दिवसापासून मी शिकवण्याचा क्रम बदलला. आता प्रोग्रॅम लिहायच्या आधी आम्ही प्रवासी गोळा करतो, कागदावर. तीन वर्षांचं मूल, नऊ वर्षांची मुलगी, चाळिशीचा गृहस्थ, चाळिशीची बाई, सत्तरीचे आजोबा, अठ्ठ्याहत्तरच्या आजी. प्रत्येकापुढं त्याला किती तिकीट पडायला हवं ते आधी लिहायचं. मग प्रोग्रॅम लिहायचा. मग एकेका प्रवाशाला बोटानं त्या ओळींमधून चालवत न्यायचं. याला कॉम्प्युटर लागत नाही, वीज लागत नाही. दुपारी लाइट गेली तर पूर्वी मी वर्ग सोडून द्यायचो. आता तेच आमचे चांगले तास असतात.

या कागदी प्रवासात सगळ्यात महत्त्वाचे प्रवासी असतात ते काठावरचे. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर, शहात्तर. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘किंवा जास्त’ या दोन शब्दांत पंचाहत्तरच्या आजोबांचं तिकीट अडकलेलं असतं. ‘बारा वर्षांपर्यंत’ म्हणजे बारा पूर्ण झालेला मुलगा आत की बाहेर? हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. तो नियम करणाऱ्याला विचारावा लागतो, आणि विचारायचं धाडसही शिकवावं लागतं.

अशीच गंमत टप्प्यांची. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. वर्गात आम्ही सोपा नियम धरतो, की टप्पा अर्धवट असला तरी पूर्ण धरायचा. वीस किलोमीटरला किती टप्पे? वीस भागिले सहा, तीन पूर्ण आणि वर दोन किलोमीटर उरतात, म्हणजे चार. मुलं नियम काढतात: भागाकार करा आणि एक मिळवा. वीसला चालतो, पंचवीसला चालतो. मग मी अठरा किलोमीटरचा प्रवासी पाठवतो. अठरा भागिले सहा, बरोबर तीन. अधिक एक, चार. प्रवासी भांडायला उठतो! बाकी उरली तरच एक मिळवायचा, हे तेव्हा कळतं. आणखी एक सांगतो. कराड ते पाटण वाटेत गाडी जिथं जिथं थांबते ते थांबे मोजा आणि त्यांच्यामधली अंतरं मोजा. दोन्ही टोकं धरून दहा थांबे असतील, तर अंतरं नऊच. एखादी गोष्ट पुन्हापुन्हा करायला सांगताना नवशिके एकानं चुकतात ते इथंच. मुरलेले प्रोग्रॅमरसुद्धा चुकतात.

लाल अक्षरांची भीती

आता इंग्रजीबद्दल. ती अडचण नाही, असं मी म्हणणार नाही. पण ती आपण समजतो तेवढी मोठी नाही. आम्ही ‘पायथन’ ही भाषा शिकवतो. गिदो व्हान रॉसम या डच प्रोग्रॅमरनं ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातले राखीव शब्द आहेत पस्तीसच्या आसपास. इफ, एल्स, व्हाइल असे. नवशिक्याचं काम त्यांतल्या दहाबारा शब्दांवर भागतं. एवढे इंग्रजी शब्द तर आपली आजीही रोज बोलते. शिवाय २००८ मध्ये आलेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून पाट्यांची नावं देवनागरीत ठेवता येतात. ‘भाडे’, ‘वय’, ‘टप्पे’ अशी नावं दिली, की मुलांचे चेहरे खुलतात. वापरणाऱ्यानं ‘१५’ असा मराठी आकडा टाइप केला, तरी पायथन त्याची संख्या करून घेतं. प्रोग्रॅमच्या ओळींत मात्र आकडे इंग्रजीच लिहावे लागतात. आणि शुद्धलेखनात सवलत नाही. एकदा ‘किंमत’ लिहिलं आणि पुढं ‘कींमत’, तर यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या पाट्या. मराठीचे शिक्षक या गोष्टीवर माझ्यावर फार खूश असतात.

खरी अडचण इंग्रजीची नसून लाल अक्षरांची आहे. चूक झाली की पडद्यावर लाल मजकूर येतो. आपल्या मुलांनी लहानपणापासून लाल शाई पाहिलेली असते ती उत्तरपत्रिकेवर. लाल म्हणजे गुण गेले, लाल म्हणजे घरी बोलणी. त्यामुळं तो मजकूर न वाचताच मूल मागं सरतं. माझ्या त्या विद्यार्थिनीला ‘मला जमणार नाही’ असं वाटलं तेही यामुळंच. दोन आठवडे रोज लाल मजकूर पाहून तिनं निकाल लावून टाकला होता, यंत्राचा नव्हे, स्वतःचा.

म्हणून आता मी लाल मजकूर वाचायला शिकवतो. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचायची. तिथं काय बिनसलं ते असतं. तिच्या वर, कितव्या ओळीवर बिनसलं त्याचा आकडा. कधी कधी खरी चूक त्या ओळीच्याही वर असते. कंस उघडलेला राहतो आणि तक्रार खालून येते. हा मजकूर म्हणजे परीक्षकाचा शेरा नव्हे, वाटेत गाडी थांबवून ‘पुढं रस्ता बंद आहे’ असं सांगणारा माणूस आहे. त्याचे आभार मानावेत. घातक असते ती चूक जिच्यावर यंत्र काहीच बोलत नाही. माझ्या फळ्यावरच्या तिकिटासारखी.

अशा चुकांना प्रोग्रॅमर ‘बग’ म्हणतात, म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या यंत्रात खरोखरचा पतंग अडकलेला सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला आणि खाली लिहिलं, की प्रत्यक्ष किडा सापडण्याचा हा पहिलाच प्रसंग. शब्द त्याच्या आधीपासूनच वापरात होता. म्हणून तर त्यांना त्यात विनोद वाटला. मला त्या विनोदापेक्षा ती नोंदवही आवडते. चूक लपवली नाही, चिकटवून ठेवली. आमच्या वर्गात प्रत्येकाची एक ‘चुकांची वही’ असते. काय चुकलं, का चुकलं, कसं सापडलं, तीन ओळी. परीक्षेच्या आधी मुलं पुस्तक नाही, ती वही वाचतात.

हे कुणासाठी?

शेवटी एक प्रश्न उरतो. आमच्यासारख्या गावांतल्या मुलांना याचं काय? सगळी थोडीच प्रोग्रॅमर होणार आहेत?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या हॅनोव्हर नावाच्या छोट्या गावात दोन गणिताच्या प्राध्यापकांपुढं होता. तिथल्या डार्टमथ कॉलेजमधले जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांना वाटत होतं, की साहित्य, इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही कॉम्प्युटरला काम सांगता आलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी ‘बेसिक’ ही सोपी भाषा केली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिच्यातले पहिले प्रोग्रॅम चालले. पुढं जगभरातल्या लक्षावधी मुलांनी पहिला धडा याच भाषेत गिरवला. माझाही त्यातच झाला.

आज तुम्ही म्हणाल, आता तर साध्या मराठीत सांगितलं तरी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं प्रोग्रॅम लिहून देतात. मग शिकायचं कशाला? खरं आहे, देतात. आम्ही वर्गात त्यांच्याकडूनही तिकिटाचा प्रोग्रॅम लिहून घेतो. आणि मग कागदावरचे आपले प्रवासी त्यातून चालवून बघतो. कधी सगळे नीट उतरतात, कधी एखादा अडकतो. लिहिणारं यंत्र असो की मास्तर, आजीला तिकीट पडतंय की नाही हे बघणारं कुणीतरी लागतंच. उद्या रेशनच्या यादीत, पीकविम्याच्या अर्जात, शिष्यवृत्तीच्या नियमांत असेच ‘नाहीतर’ असणार आहेत. वरचं दार चुकीच्या जागी असलं, की खाली उभ्या असलेल्या माणसाचा हक्क कुणाच्या लक्षातही न येता जातो. तो का गेला, हे ज्याला शोधता येतं, असा एक तरी माणूस प्रत्येक गावात हवा.

त्या मुलीनं फी परत मागितली नाही. अभ्यासक्रम पूर्ण केला. अजूनही ती लाल मजकूर आला की कपाळाला आठ्या घालते, पण शेवटची ओळ आधी वाचते. परवा पाटणच्या गाडीत ती आजीसोबत भेटली. कंडक्टर आले, आजींचं कार्ड बघितलं, शून्याचं तिकीट दिलं, मग हिचं अर्धं फाडलं. तिनं माझ्याकडं बघून नुसतं हसून दाखवलं. आजी मात्र मला म्हणाल्या, ‘मास्तर, ही म्हणती तुमच्या फळ्यावर मला तिकीट लागत होतं. खरं का?’

खरं होतं, आजी. आता नाही लागत.